दादाचा काळा डबा

दादाच्या काळ्या डब्याला घरात कुणी हात लावायचा नाही, हा कायदा दादानंच केलेला. डब्यात डीव्हीडी होत्या. परदेशातली फार जुनी मालिका, कृष्णधवल. रॉकेटं, परग्रह, अचानक थांबणारी घड्याळं असल्या गोष्टींची. प्रत्येक भागात माणसं वेगळी, गाव वेगळं, आणि आजची गोष्ट आजच संपणार. दादा मस्कतला समुद्राचं पाणी गोड करायच्या कारखान्यात होता. लग्न केलेलं नव्हतं. वर्षातून एकदा अकोल्याला यायचा, तेव्हा हा डबा विमानात स्वतःजवळ ठेवून आणायचा आणि तसाच परत न्यायचा. मी एकदा म्हटलं, "ठेव ना इथं, मी बी पाहीन." तर म्हणाला, "तुले एखादवेळी किडनी देईन, डबा नाई देत." आई समोर लसूण सोलत बसली होती. ती म्हणाली, "देऊ नको बाप्पा, त्याच्यात तुई बायको बसली हाय." आम्ही खूप हसलो होतो.

या जानेवारीत दादा गेला. कामावरून खोलीवर आला, बूट काढायला खाली वाकला, तो उठलाच नाही.

आईचं हृदयाचं ऑपरेशन होऊन तेव्हा थोडेच दिवस झाले होते. डॉक्टरांनी बजावलं होतं, काही महिने हिला कसलाही धक्का बसता कामा नये. अमरावतीच्या काकांनी फोनवरच निकाल दिला, "वहिनीले सांगायचं नाई." मीही हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? एक गेलाच होता, दुसरी जायला नको होती. दादाला नागपूरला उतरवलं आणि अकोल्याला न आणता अमरावतीला नेलं. कॉलेजच्या कामाला चाललो, असं आईला सांगून मी गेलो आणि अग्नी देऊन रात्रीच्या जेवणाला घरी आलो. जेवलोही. जेवलो नसतो तर तिनं विचारलं असतं.

दहाव्याला पुन्हा गेलो. न्हावी वस्तरा घेऊन तयार होता, पण काका मध्ये पडले. हा डोकं भादरून अकोल्याला गेला तर लपवलेलं सगळं उघड्यावर येईल. न्हाव्यानं कपाळावरची एक बट कापली आणि विधी उरकला. आधी कुरकुरला, पण काकांचा चेहरा पाहून गप्प बसला. सख्ख्या भावाचं दहावं करून मी भांग पाडून घरी आलो. बसमध्ये खिडकीच्या काचेत माझं डोकं मला दिसत होतं आणि मला त्याची किळस येत होती.

मग आमच्या घरात नाटक सुरू झालं. दादाला वाळवंटातल्या साइटवर पाठवलंय, तिथं रेंज नाही, असं ठरलं. दर रविवारी त्याचा फोन यायचा; आता मी सांगायचो, "दादाचा मेसेज आला. गोळ्या वेळेवर घे म्हनते." आई "बरं" म्हणायची. गल्लीतल्या बायकांना माझ्या बायकोनं दारोदार जाऊन पढवलं होतं. भेटायला येणारे नातेवाईक कोपऱ्यावरच्या पानठेल्याशी उभं राहून रडून घ्यायचे, नळावर तोंड धुवायचे आणि हसत आत यायचे. अंजनगावची मावशी आली तेव्हा तिचे डोळे टम्म सुजलेले. "मिरच्या कुटून आली," म्हणाली. आई म्हणाली, "अंजनगावावरून अकोल्यापावतर मिरच्याच कुटत आली काय?" सगळे जरा जास्तच हसले.

या सगळ्यात एक गोष्ट आपोआप झाली. दादाचं नाव निघेनासं झालं. नाव घेतलं की आवाज फाटायचा, म्हणून बायको घ्यायची नाही, मी घ्यायचो नाही, शेजारीपाजारी घ्यायचे नाहीत. मीही "दादा" एवढंच म्हणायचो, तेही मेसेजपुरतं. ज्या माणसानं मला सायकल शिकवली, त्याचं नाव घरात घ्यायची चोरी झाली. मला आतून फार राग यायचा, आणि तो कुणावर काढायचा तेही कळायचं नाही.

मार्चमध्ये दादाच्या कंपनीतला चांदूर रेल्वेचा एक माणूस त्याची बॅग काकांकडे पोचवून गेला. बॅगेत कपडे, दाढीचं सामान आणि काळा डबा. कपड्यांना मी हात लावू शकलो नाही. डबा मात्र घेऊन आलो, कारण मला त्याचं काहीतरी जवळ हवं होतं. आणि कारणही तयार होतं. आई दिवसभर खाटेवर पडून कंटाळत होती आणि टीव्हीवरच्या मालिका आम्ही बंद केल्या होत्या. ज्या मालिकेत कुणी मरत नाही अशी एक शोधून दाखवा! ही इंग्रजी, काळीपांढरी, हिला काही कळणार नाही, नुसती चित्रं हलतील, असा माझा हिशेब.

"दादानं दोस्ताच्या हाती पाठवला," मी आईला सांगितलं. "तुले कंटाळा येते म्हून."

आईनं डबा मांडीवर घेतला. पदरानं पुसला. पुसलेलाच होता, तरी पुन्हा पुसला. मग म्हणाली, "बरं," आणि मला परत दिला.

डीव्हीडी प्लेअर आता कुणाकडे असतो? जुन्या शहरात एका दुरुस्तीवाल्याच्या फळीवर धूळ खात पडलेला एक मिळाला. कॉलेजात भूगोलाचे तास घेऊन मी दुपारी घरी यायचो, जेवून कूलर सुरू करायचो आणि आईच्या खाटेशी खुर्ची ओढून बसायचो. भाषा मी सांगायचो, बाकीचं ती बघायची.

पहिल्याच भागात एक माणूस रॉकेटमध्ये बसून दूरच्या ग्रहावर जातो. निघताना बायको दारात उभी. पुढं यंत्र बिघडतं, तो तिकडंच राहतो, आणि शेवटी घरातला रेडिओ नुसता खरखरत असतो. मी उठून बंद करणार तेवढ्यात आई म्हणाली, "मंग? आता उद्या येते काय तो?"

मी म्हटलं, "गोष्ट संपली आई. उद्या दुसरी."

तिला ते पटलं नाही. संध्याकाळच्या मालिकांवर वाढलेलं माणूस. मालिका म्हणजे एक घर, एक खानदान, आज तुटलेलं उद्या जोडायचं, असा तिचा पक्का हिशेब. दुसऱ्या दिवशी घड्याळं बंद पडलेल्या गावातला म्हातारा आला. आई म्हणाली, "हा त्याचा सासरा." जिच्या घरात फक्त आतल्या बाजूला पाऊस पडतो अशी एक बाई आली. ती त्याची बहीण ठरली. मी दोनतीनदा समजावलं, मग सोडून दिलं. सगळ्या सुट्या गोष्टी तिनं एका घरात आणून बसवल्या. त्या घरातला एक माणूस बाहेर गेला होता आणि आई त्याची वाट पाहत होती.

प्रत्येक भागाच्या आधी आणि नंतर कोट घातलेला एक गृहस्थ येऊन काहीबाही बोलायचा. त्याच्यावर आईचा विशेष राग. "ह्या कोटवाल्याले सगळं ठाऊक हाय. पहा कसा कोरं थोबाड करून उभा हाय. सांगाले काय होते याले?"

रोज भाग सुरू झाला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "आज येते काय?" मी म्हणायचो, "पाहू." रविवारी दादाचा मेसेज सांगायचा आणि दुपारी रॉकेटवाल्याचं "पाहू." दोन्ही खोटंच.

मधल्या एका डिस्कमध्ये रॉकेटवाल्याचं काम केलेला नट पुन्हा दिसला. मिशी लावलेला, किराणा दुकानात तराजू धरून उभा. आई खाटेवर ताडकन उठून बसली. ऑपरेशननंतर तिला तसं उठताना मी पाहिलं नव्हतं. "आला! पहा, आला! मिशी ठेवली त्यानं."

"आई, तो दुसरा मानूस हाय. नट तोच, मानूस दुसरा."

"तुले काय समजते? चाल नाई ओळखू येत काय मले?" तिच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला तिच्याकडे बघवेना. पुढं तो दुकानदार धुक्यात चालत जातो आणि विरघळून जातो. आईनं हातानंच खूण केली, बंद कर. दोन दिवस तिनं डब्याचं नाव काढलं नाही. मीही डबा कपाटात वर ठेवून दिला. तिसऱ्या दुपारी माझं जेवण होताच ती म्हणाली, "लाव." आवाज थकलेला होता.

मे महिना आला. अकोल्याचा मे महिना. कूलर नुसती दमट हवा फेकत होता. डब्यातल्या डिस्क संपत आल्या तसा मी मुद्दाम सुट्ट्या घेऊ लागलो. आज वीज नाही, आज डोकं दुखतं, आज पेपर तपासायचेत. शेवटचा भाग संपल्यावर ती विचारणार आणि माझ्याकडे "पाहू" उरणार नाही, ही भीती मनात बसली होती. तिच्या हृदयाला जपायचं होतं, आणि मीच तिला एका माणसाची वाट बघायला बसवून ठेवलं होतं.

शेवटी एका दुपारी शेवटचा भाग लागला. कोटवाला येऊन बोलून गेला. पडदा निळा झाला.

"संपलं?" आईनं विचारलं.

"संपलं."

"म्हंजे तो आलाच नाई."

"आई, त्याची गोष्ट पहिल्याच दिवशी संपली होती. तो तिकडंच..."

"मेला."

"हो."

ती चादरीचा एक धागा ओढत बसली. मग म्हणाली, "मंग कोनी त्याचं नाव काहून नाई काढलं? एवढे मानसं आले न गेले. बायको आपल्या कामाले, सासरा आपल्या कामाले. कोनी रडलं नाई. फोटोले हार नाई, तेरवी नाई. असं कसं घर हाय हे?"

मी डिस्क काढायला प्लेअरपुढं जाऊन बसलो. माझी पाठ तिच्याकडे होती.

"तुवा केस काहून नाई काढले?"

माझा हात प्लेअरवर तसाच राहिला. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाजही थांबला. बायकोनं ऐकलं होतं.

"डबा कोन्या दोस्ताच्या हाती देनारा नव्हता तो," आई म्हणाली. "डबा आला, त्याच दिवशी मले समजलं."

"मंग इचारलं काहून नाई?" मी मागं वळलो.

"तुमी सगळे मले किती जपून राहिले होते. म्हटलं, मी रडली त तुमी घाबरसान." मग म्हणाली, "अन् तो काय पाहे एवढं दिवसरात, ते पाहाचं होतं मले. पन त्याच्यातबी कोनी त्याचं नाव घेत नाई. आपल्या घरातबी नाई. अन् तू त त्या कोटवाल्यावानी, कोरं थोबाड करून रोज माह्यापुढं बसते."

मी तिच्याजवळ गेलो, तिचे हात धरले. ते थंड होते. मी घाबरून तिच्या गोळ्यांकडे पाहिलं. ती म्हणाली, "काई होत नाई मले. दोन महिने झाले सोसून राहिली. जा, न्हाव्याकडं जाऊन ये. मी पानी तापवाले लावते."

कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे दुपारचं कुणी नव्हतं. मी खुर्चीत बसलो आणि म्हणालो, पूर्ण काढायचे. त्यानं फडकं बांधता बांधता विचारलं, "कोन गेलं?"

"मोठा भाऊ."

अकोल्यात हे मी पहिल्यांदा बोललो. स्वतःच्याच कानांना ते नवीन वाटलं.

"कवा?"

"जानेवारीत."

वस्तरा थांबला. त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. मग हातावर पाणी घेतलं आणि माझं डोकं भिजवलं.

घरी आलो तेव्हा आई मोरीपाशी पाटावर बसली होती, पुढ्यात बादली. मला तिच्यापुढं उकिडवं बसवून तिनं तांब्यानं पाणी घातलं, जसं लहानपणी घालायची. एक तांब्या, दुसरा तांब्या. मग तांब्या खाली ठेवला आणि माझ्या उघड्या डोक्यावरून हात फिरवला, मागून पुढं, सावकाश. मी रडायला लागलो. आणि आईनं दादाला नावानं हाक मारली. पूर्ण नावानं, मोठ्यानं, तो गल्लीत खेळत असला आणि जेवण तयार असलं की मारायची तशी.

दार उघडंच होतं. शेजारच्या काकूंनी उंबऱ्यात चपला काढल्या आणि त्या आत येऊन आईजवळ ओल्या फरशीवर बसल्या. त्यांच्यामागून समोरच्या आल्या, त्यांच्यामागून आणखी दोघी. कुणालाही काही सांगावं लागलं नाही.