डोंगरकड्यात पास्टरांचा घसा बसतो

जालन्याच्या स्टँडवर पास्टर ग्रॅहम सगळ्या गर्दीच्या डोक्यांवरून दिसत होते, म्हणजे ते हरवायची चिंता नव्हती. न्यूझीलंडहून सेवेला आलेला हा ताडमाड माणूस, आणि त्यांचं इंग्रजी मराठीत करायला सोबत मी. माझं इंग्रजी नगरपालिकेच्या शाळेतलं, पण नक्कल जन्मजात. त्यांनी हात वर केला की माझाही वर. ते खोकले की मीही खोकतो. लोकांना वाटतं, खोकल्याचंसुद्धा भाषांतर चाललंय.

परभणीमार्गे वसमतला उतरलो. हळदीचा हंगाम, मोंढ्यात नुसते ढीग, हवासुद्धा पिवळी. पास्टर हरखले. एका ढिगावर वाकून त्यांनी असा दीर्घ श्वास घेतला की पुढची पाच मिनिटं नुसत्या शिंका.

"अरे साहब, हळद सुंगते नहीं, खाते!" आडतीचे मालक रशीदचाचा धावत आले. मग मला म्हणाले, "बडी तकलीफ झाली बिचाऱ्याला. बसवा, दूध मागवतो."

दूध आलं. हळद घातलेलं! पास्टरांनी ग्लासाकडं असं बघितलं की ते तोंड मी करून दाखवल्याशिवाय राहू शकलो नाही. हमाल खो-खो हसले. पास्टरही हसले, पण आवाज कुठं निघाला? नुसती हवा.

संध्याकाळी डोंगरकडा गावात पोचलो. मुक्काम सखूमावशीकडं. मावशी म्हणजे तिथल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीचा कणा. गेल्या वर्षी पास्टरांनी तिच्या घराच्या जोत्यावर (पायावर) प्रार्थना केली होती आणि म्हणाले होते, स्लॅब पडला की पुन्हा येईन. आता घर तयार, रंगसुद्धा लागला, पण दाराला कुलूप. पास्टरांची प्रार्थना झाल्याशिवाय मावशी आत पाऊल टाकेना. सगळं बिऱ्हाड शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

"आमी हितं पापडावानी भाजून राहिलो," सून मला हळूच म्हणाली. तिच्या मांडीवर तान्हं लेकरू, घामोळ्यांनी लालबुंद. "तेवढी परार्थना उरकून घ्या भाऊ."

"उद्या सकाळी," पास्टर घशातल्या घशात म्हणाले.

सकाळी अंघोळीला साडीचा आडोसा होता. तो पास्टरांच्या जेमतेम छातीला लागला. त्यामुळे अंगावर पाणी घेता घेता ते गल्लीतल्या प्रत्येकाला हात हलवून सलाम करत होते. तेवढ्यात पोरं बॅट घेऊन आली. न्यूझीलंडचा माणूस म्हटल्यावर काय! पास्टरांनी मान हलवली, आपल्याला क्रिकेट येत नाही.

"न्यूझीलंडचा अन् किरकेट न्हाई?" एक पोरगं म्हणालं. "मग तिकडं करून काय राहिला व्हता ह्यो?"

प्रार्थनेआधी घरोघर चहा झाला, भाकरी-ठेचा झाला, आल्याचा काढा झाला. दुपारपर्यंत पास्टरांचा आवाज पार गेला. कुजबुजही निघेना. आणि परतीची गाडी त्याच संध्याकाळची.

कुलपासमोर सगळे जमले. मावशीच्या मुलानं तोडगा काढला, "आई, ह्या दुभाष्यालाच करू दे की परार्थना. बराबर त्यांच्यासारकंच बोलतो."

मावशीनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "ह्यो? कालपासून समद्यांच्या नकला करून राहिला. माझी चाल बी करून दाखवली ह्यानं, कळलं न्हाई व्हय मला? ह्याच्या परार्थनेला देव हसत बसंल."

सगळे हसले. मीही हसलो, पण नेहमीइतकं नाही.

मग पास्टर पुढं झाले. दाराला हात लावला, डोळे मिटले, आणि ओठ हलायला लागले. आवाज शून्य. पत्रे तडतडत होते, लेकरू किरकिरत होतं, पास्टरांच्या कानामागून घाम वाहत होता. बऱ्याच वेळानं ते थांबले.

आणि सगळ्यांनी सवयीनं माझ्याकडं बघितलं. आता मराठीत सांग!

एक विनोद अगदी जिभेवर होता. मावशी हात जोडून उभी, डोळे घट्ट मिटलेले. तो विनोद मी गिळला. दाराला हात लावला, डोळे मिटले, ओठ हलवले. पास्टरांना लागला तेवढाच वेळ, तेवढाच आवाज. कुणी हसलं नाही.

"आमेन," मावशी म्हणाली. कमरेची किल्ली काढली. "काहून उभे राहिले समदे? त्या लेकराला आत घ्या आदी! पंखा लावा!"

परतीच्या गाडीत परभणीच्या अलीकडं पास्टरांचा घसा किंचित सुटला. मी विचारलं, "दारापाशी तुम्ही नक्की काय म्हणालात? मला काहीच ऐकू आलं नाही."

"आधी तू सांग," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "भाषांतर काय केलंस?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो. जालना येईपर्यंत दोघांपैकी कुणीच सांगितलं नाही. तुम्हालाही सांगत नाही. माझ्या आयुष्यात नक्कल नसलेली तेवढी एकच गोष्ट आहे, ती राहू द्या माझ्याकडं.