सखूमावशीचं दुसरं गाठोडं

सखूमावशी कापूस चोरते, असं आमच्या अंबडकडच्या गावात सगळे म्हणायचे. वेचणी झाली की अर्धंच गाठोडं वजनकाट्यावर आणते, बाकीचं तुरीत दडवून घरी नेते, म्हणे.

साफ खोटं. आता मावशीच म्हणते, "लिही बाबा, तेवढा डाग तरी जाऊ दे." चोर पकडायला म्हणून मी स्वतः तिच्या मागं गेल्तो. तुरीत दुसरं गाठोडं होतं खरं, पण ते घेऊन ती काट्याकडंच निघाली होती. मला बघून तिनं पदर तोंडावर ओढला.

"सगळं एकदम उचलत न्हाई रे आता. दोन खेपा करते."

"मंग कुणाला तरी हात लाव म्हणायचं!"

"आजवर मीच साऱ्यांला हात लावला. मला चोर म्हणू दे लोकांला. थकली म्हणू नको."

पण शेताचे मालक गोरक्षनाथकाका तिला चोरीपायी काढायला निघालेले. म्हणून मी खरं सांगून टाकलं. काका नाकातून बोलतात. नाक चिमटीत धरून म्हणून बघा, हुबेहूब जमतं: "उचलत न्हाई, तर वेचणं काय होणार? उद्यापास्नं घरी बसायचं, बराबर का?"

साऱ्या बाया ऐकत होत्या. मावशी पायाच्या अंगठ्यानं ढेकूळ फोडत राहिली. माझीही मान वर होईना.

मंग तीच बोलली, खाली बघत. "जोर गेला, दम न्हाई गेला. ह्या जिमवाल्याला लावा माझ्या जोडीला. आधी कंबर कोण सरळ करतं ते बघा."

मी लगेच दंडाची बेडकुळी फुगवली. ठरलं: मावशी हरली तर घरी बसणार, मी हरलो तर दोन्ही गाठोडी मी न्यायची.

सकाळी ओणवे झालो. सुरुवातीला मी कितीतरी पुढं. मंग मांड्या थरथरायला लागल्या. मावशीचे हात या बोंडावरून त्या बोंडावर, ना घाई, ना थांबणं. उन्हं डोक्यावर यायच्या आत मी "आई गंऽऽ" करत सरळ झालो. एका बाईनं माझ्या त्या ओरडण्याची अशी नक्कल केली, की माझ्याच्यानंही झाली नसती.

भाकरी घेऊन आलेली अर्पिताताई नर्सिंग शिकते. ती हसून म्हणाली, "झटक्यात जोर लावणारे स्नायू वय झालं की आधी झडतात, बाईचे काय अन् बाप्याचे काय. दमानं चालणारे जास्त टिकतात. त्यात बाया बहुतेक उशिरा थकतात. तू बेडकुळीवर गेलास, येड्या."

"उद्याबी ये सखू, बराबर का?" काका म्हणाले. मावशी हसली न्हाई.

संध्याकाळी एक गाठोडं माझ्या डोक्यावर, एक खांद्यावर. मावशी मोकळ्या हातानं, तरी पदर पुढं ओढून. हळूच म्हणाली, "बायांला कळलं ते कळलं. टपरीवर कुणी इचारलं तर मला उचलत न्हाई म्हणू नको रे."

टपरीवर बसलेल्या कचरूनं इचारलंच, "दोन्ही गाठोडी तुझ्याकडं कशी रं?"

"पैज हरलो," मी म्हणालो, "सखूमावशीशी!"