सातवीच्या वर्गातली साथ

शिक्षकांच्या खोलीत किस्से शोधावे लागत नाहीत, मधल्या सुट्टीच्या चहाबरोबर ते आपोआप साठत जातात. पण कोरोनानंतर शाळा उघडली तेव्हाचे किस्से निघाले की आमच्यातलं कुणीतरी हळूच विषय बदलतं. मी तेव्हा नेवाशाजवळच्या एका गावात सातवीला शिकवत होते.

पहिल्या दिवशी सगळ्या पोरी मास्क लावून आल्या. मला बरं वाटलं. मधल्या सुट्टीनंतर बघते तर सकाळी एकीने लावलेला फुलाफुलांचा मास्क भलत्याच मुलीच्या तोंडावर.

"हा तुझा आहे का गं?"

"न्हाई बाई, सानियाचा हाय. आमी अदलाबदली केली. उद्या तो तिसऱ्या बाकावर जाणार हाय."

वेळापत्रक ठरलं होतं त्यांचं!

आमचे शिपाई गवळीमामा फाटकापाशी उभे राहून पोरांच्या हातावर सॅनिटायझर ओतायचे. एका सकाळी तीन पोरी माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. "बाई, मामा पाणी घालत्यात. वासच येत न्हाई."

मामांना ते फार लागलं. बाटली घेऊन ते तडक हेडसरांच्या टेबलाशी गेले. "सर, तुमीच बघा." सरांनी मास्क खाली करून वास घेतला आणि त्यांना ठसकाच लागला. मी घेतला, डोळ्यांत पाणी आलं.

मामांनी बाटली परत घेतली, नाकाशी धरली. बराच वेळ धरून ठेवली.

"सर," ते म्हणाले, "मला बी येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी तपासणीचं पथक आलं. त्यानंतर वर्ग विरळ होत गेला. हजेरी घेताना एखादीचं नाव पुकारलं की आधी पोरी "गैरहजर" म्हणायच्या. आता सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, "पॉझिटिव्ह, बाई." पाढे म्हणावेत तसं. मी रागावले नाही. रागावून काय म्हणायला सांगणार होते?

एका मुलीचा रिपोर्ट कळवायला तिच्या वडिलांना फोन केला.

"बाई, आठ दिवसांनी कळवा ना. परवा थोरलीचा साखरपुडा हाय."

"अहो, रिपोर्ट आलाय."

"मंग फोन लागला न्हाई असं लिवा."

आणि फोन कट. मी पुन्हा लावला, तर स्विच ऑफ. ग्रामपंचायतीत सांगून पाहिलं, पण तिथले निम्मे लोक साखरपुड्याला जाणारे. साखरपुडा झाला. पुढच्या आठवड्यात त्या घरातले चौघं दवाखान्यात होते, नवरीसुद्धा.

प्रज्ञा वर्गातली सगळ्यात नेटकी मुलगी. तिला नुसता खोकला झाला, दोन दिवसांत गेला. मग तिचे आजोबा आजारी पडले. साखर कारखान्यातून रिटायर झालेले, रोज तिला सायकलवर शाळेत सोडायचे. त्यांना नगरला हलवलं. चौथ्या दिवशी ते गेले. घरच्यांना लांबूनच दाखवलं.

पंधरा दिवसांनी प्रज्ञा शाळेत आली आणि तिने माझ्या हातात रजेचा अर्ज दिला. मीच शिकवलेला नमुना. समास सोडलेला, विषयाखाली रेघ. 'माझ्यामुळे आजोबांना कोरोना झाला व ते वारले. म्हणून मी शाळेत येऊ शकले नाही. तरी माझी रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती. आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी.'

मी अर्ज हेडसरांकडे नेला. त्यांनी वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. मग पेन घेऊन 'माझ्यामुळे' हा एकच शब्द खोडला, खाली 'मंजूर' लिहून सही केली आणि म्हणाले, "तिला दाखवा."

मी दाखवला. प्रज्ञा त्या खोडलेल्या शब्दाकडे बघत राहिली.

"बाई," तिने विचारलं, "'माझ्यामुळे'मधला मु दीर्घ असतो का?"