कॅप्टन योस्टची तलवार

वॉरन आल्डर्फरच्या घरी बसायला खुर्ची मिळायची नाही. एकीवर तोफेचा गोळा, दुसरीवर सैनिकी ढोल. जेवणाच्या टेबलावर काचेची पेटी आणि तिच्यात वॉशिंग्टनचे म्हणून लिलावात घेतलेले तीन केस. ते घोड्याचे आहेत, असं आमच्या गावच्या न्हाव्याचं ठाम मत होतं. बायको सोडून गेली त्याच आठवड्यात वॉरनने तिच्या कपाटात जुन्या गणवेशांची बटणं मांडली.

स्वतः तो एक दिवसही सैन्यात नव्हता. तरुणपणी बोलावणं आलं तेव्हा त्याने पाठदुखीचा दाखला आणला होता. तीच पाठ चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत जड बंदूक घेऊन दोन मैल ताठ चालायची.

मी गावच्या ग्रंथालयात नोकरीला होते. एका वसंतात तो तलवार घेऊन आला. मुठीवर 'जे' आणि 'ए' अशी अक्षरं होती.

"योस्ट आल्डर्फर!" तो म्हणाला. "जर्मनमध्ये योस्ट 'जे'नेच लिहितात. आमचा मूळ पुरुष. स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनच्या सैन्यात कॅप्टन. दारासमोरच्या कपाटात ठेव."

"कागद काय आहे, वॉरन?"

"रक्ताला कागद लागतो होय गं?"

"ग्रंथालयाला लागतो."

मग तो आपल्या लव्हायना आत्याला घेऊन आला. शहाऐंशी वर्षांची बाई, डोक्यावर पांढरी टोपी. वॉरनने केव्हाच सोडलेल्या मेनोनाइट चर्चला ती अजून जायची. त्या चर्चची माणसं शस्त्राला हात लावत नाहीत. घरच्या जर्मन बायबलात जपलेला एक कागद तिने उलगडला आणि चष्मा सावरत वाचला : "सन सतराशे सत्त्याहत्तर. योस्ट आल्डर्फर. कवायतीला येण्यास नकार. दंड भरण्यास नकार. सबब दोन घोडे, एक गाय आणि लोखंडी चूल जप्त."

वॉरनचे कान लाल झाले. "म्हणजे भित्रा होता म्हणायचा!"

"भित्रा?" आत्याने चष्मा काढला. "भर डिसेंबरात चूल नेली रे त्याची. घरात सात पोरं. शेजारी दारावर थुंकून जायचे. तरी सगळ्यांच्या तोंडावर 'नाही' म्हणाला तो. तू दाखला आणलास तेव्हा कुणाला 'नाही' म्हणालास, सांग बरं?"

वॉरन तलवार कापडात गुंडाळू लागला. आत्याने कागद त्याच्यापुढे धरला. "घे. तुझ्याच घरचा आहे."

"त्यावर सही कुणाची? कुठल्याशा करवसुलीवाल्याची. असले कागद कुणी जमवत नाही, आत्या."

अख्ख्या संग्रहात एकही वस्तू त्याच्या बापजाद्यांची नव्हती. जी एक समोर आली ती त्याने हाताने मागे सारली. आत्याने कागद मला दिला, मी तो दारासमोरच्या कपाटात ठेवला. वॉरन पुन्हा ग्रंथालयाची पायरी चढला नाही.

पुढच्या चार जुलैला मात्र तो निळा कोट घालून मिरवणुकीत होताच. कमरेला तलवार तीच, कॅप्टन नवा : आईच्या माहेरचा कुणी जेकब ॲंगस्टाट.

रस्त्याकडेला आत्या माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसली होती. ती म्हणाली, "जेकब आमच्याच चर्चचा. त्याचाही कागद आहे माझ्याकडे. सांगू का त्याला?"

"राहू द्या, आत्या," मी म्हटलं. "तिसरा शोधून काढेल."