लाइनमन पंजाबरावांचा तोल

केनवडात पंजाबरावांना सगळे अजूनही लाइनमनच म्हणत. एकतीस वर्षं ते विजेच्या पोलवर चढले, वादळवाऱ्यात तारा जोडल्या, पण पाय कधी चुकला नाही. आणि बहात्तराव्या वर्षी पडले ते घरातल्या सपाट फरशीवर, पायजम्यात पाय घालताना.

मनगट सुजलं, हाड मात्र शाबूत राहिलं. पण ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. सूज उतरली तसे ते रोज सकाळी फाट्यापर्यंत चालायला लागले. दोन महिन्यांत दम लागेनासा झाला. तरी एकदा शेजारच्या लिलाबाईंनी मागून हाक मारली, पंजाबराव गर्रकन वळले आणि रस्त्याच्या कडेला पुन्हा कोसळले.

"एवढं चालून राह्यलो, तरी काहून पडलो मी?" त्यांनी सुनेला विचारलं. रत्नमाला वाशीमला एका दवाखान्यात नर्स होती.

"चालल्यानं दम वाढला, मामाजी. पण तोल सांभाळाची सवय अलग लावा लागते. खुर्चीले धरा अन् एका पायावर उभे राहा बरं."

पंजाबराव हसले. खुर्चीला हात न लावताच त्यांनी पाय उचलला. तीन मोजायच्या आतच ते कलले. रत्नमालानं दंड पकडला म्हणून सावरले. "पोरखेळ आहे हा!" म्हणत ते तडक अंगणात निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सून कामाला गेल्यावर त्यांनी खुर्ची भिंतीला टेकवली. आता मात्र धरून उभे राहिले. आठवडाभरानं रत्नमालाच्या ते ध्यानात आलं. तिनं आणखी दोन गोष्टी दाखवल्या: बाजेवरून हात न टेकता दहादा उठायचं, आणि भिंतीजवळून फरशीच्या रेघेवर पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांना लावत चालायचं. पहिले पंधरा दिवस मांड्या भरून येत. पंजाबरावांनी एक दिवस चुकवला नाही.

तीन महिन्यांनी बाजारात सडक्या टमाट्यावर त्यांचा पाय सटकला. अंग डावीकडे गेलं, आणि दुसरा पाय आपसूक बाजूला पडून घट्ट रोवला गेला. पिशवीतलं एक वांगंसुद्धा सांडलं नाही. समोर लिलाबाई तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या.

"भाऊ, पडले असते ना तुमी!"

"पडलो नाही ना पण! रोज एका पायावर उभा राहाची सवय लावली मी," पंजाबराव छाती काढून म्हणाले.

"मंग मलेबी शिकवा. नहाणीत जायले भेव लागते मले."

आता गावातल्या बुद्धविहाराच्या अंगणात रोज सकाळी अकरा म्हातारी माणसं जमतात. "पह्यले आधार धरा! जमलं का मंगच हात सोडा!" असा पंजाबरावांचा दणदणीत आवाज ऐकू येतो. परवा लिलाबाई एका पायावर वीस मोजेपर्यंत उभ्या राहिल्या. पंजाबरावांनी अठरावरच पाय टेकवला. सगळे हसले, त्यात त्यांचाच आवाज मोठा होता.

"चला, आता दुसरा पाय!" ते म्हणाले, आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली.