नमुन्याबरहुकूम

तेहतीस वर्षं मी सरकारी खात्यात खरेदी केली. खुर्च्या, पंखे, फिनेल, सतरंज्या, जीपचे टायर, शिपायांच्या गणवेशाचं कापड. नोकरी संपायला सहा महिने राहिले असताना साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की आता आपल्याला बुद्धी खरेदी करायची आहे. मी मनात म्हटलं, साहेब, ही खरेदी फार आधी व्हायला हवी होती. तोंडानं मात्र विचारलं, "किती नग?"

साहेब तरुण होते. पुण्याला दोन दिवसांच्या कार्यशाळेला जाऊन आले होते आणि तिथनं एआयचं खूळ डोक्यात घेऊन आले होते. कोल्हापुरातलं आमचं कार्यालय म्हणजे अर्जांचं आगर. विधवांचं अनुदान, निराधारांचं अनुदान, अपंगांचं अनुदान, आणि ते का थांबलं याची विचारणा. रोज गठ्ठा येतो. साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे तो गठ्ठा आता यंत्र वाचणार होतं आणि उत्तरही यंत्रच लिहिणार होतं. साहेबांनी फक्त सही करायची. सही करायला तरी माणूस ठेवला, हे उपकारच म्हणायचे.

तोवर हे काम आमच्याकडं एक बाई करायची. कसबा बावड्याहून बसनं यायची, दहाच्या ठोक्याला टेबलावर. कंत्राटी होती. दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसवायचं आणि बाराव्या महिन्यात नवीन म्हणून परत घ्यायचं, असं बारा वर्षं चाललं होतं. नवऱ्याचा हात फौंड्रीत गेल्यापासून घर तिच्या एकटीच्या पगारावर होतं. ऑफिसात सगळे तिला 'वाचणारी' म्हणायचे, कारण दुसऱ्या कुणाला न वाचता येणारा अर्ज ती वाचायची. गारगोटीकडच्या एखाद्या म्हातारीनं शेजारच्या पोराकडनं लिहून घेतलेलं, मधेच शाई संपलेलं, भाऊबंदकी पहिली तीन पानं आणि मागणी शेवटच्या ओळीत. ही त्यातनं नेमकी ती ओळ काढायची आणि उत्तर लिहायची. उत्तराच्या शेवटी स्वतःच्या पदरचं एक वाक्य घालायची, 'दुपारी दोननंतर गर्दी कमी असते, तेव्हा यावे.' हे वाक्य कुठल्याही नियमात नव्हतं. मी तिला दोनदा टोकलंही होतं. तिनं ऐकलं नाही.

साहेबांनी वर पाठवलेल्या प्रस्तावात एक ओळ होती, की ही प्रणाली सुरू झाल्यावर बाह्यस्रोतातून घेतलेलं एक पद कमी करता येईल. पद म्हणजे ती. खरेदी झाली तर ती घरी, खरेदी फिसकटली तर ती टेबलावर. एवढा सरळ हिशेब होता, आणि तो तिला सोडून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना कळत होता.

आता बुद्धी कुठल्या नियमानं घ्यायची? आमचे लेखाधिकारी या प्रश्नावर तीन दिवस बसले. ही वस्तू का सेवा? वस्तू असेल तर जडवस्तू नोंदवहीत घ्यायला पाहिजे आणि तिच्यावर पांढऱ्या रंगानं नंबर टाकायला पाहिजे. सेवा असेल तर हजेरी कुणाची लावायची? मी म्हटलं, नंबर टाकायचा कुठं, हवेत? ते म्हणाले, "मॅडम, थट्टा नको, ऑडिट येतंय." शेवटी वस्तूच ठरली, कारण वस्तूचा फॉर्म कपाटात होता. निविदेच्या अटी झेरॉक्स मशीनच्या जुन्या निविदेवरनं उतरवल्या. 'यंत्रासोबत वर्षातून दोनदा शाई मोफत भरून द्यावी' ही अट तशीच राहिली आणि निविदा भरणाऱ्या तिन्ही पुरवठादारांनी त्या पानावर शिक्का मारून ती मान्य केली. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असला कारभार.

मधेच वरून एक परिपत्रक आलं, एआय खरेदी करताना घ्यायच्या काळजीचं. अकरा पानी. ते कुणातरी शहाण्या माणसानं लिहिलं होतं. आमच्या खात्यात असं क्वचित होतं. विकणाऱ्याच्या प्रात्यक्षिकावर भुलू नका, असं म्हटलं होतं त्यात. आपल्याच कार्यालयातले खरे कागद यंत्राला देऊन चाचणी घ्या, लोकांची नावं झाकून. साहेबांनी पहिलं पान वाचलं, लेखाधिकाऱ्यांनी शेवटचं. अकराच्या अकरा पानं फक्त मी वाचली आणि मी वाचली याचा मला केवढा गर्व झाला.

इथं माझी हुशारी सांगायला पाहिजे, कारण सगळा घोळ तिनंच घातला. खरेदीतला माझा दरारा नमुन्यावर उभा होता. गणवेशाचं कापड घ्यायचं झालं, की मी आधी पसंत कापडाचे सारखे तुकडे कापायची. प्रत्येक व्यापाऱ्याला एक द्यायची आणि एक लाखेनं सील करून कपाटात ठेवायची. माल आला, की सील फोडायचं आणि धाग्याला धागा लावून बघायचं. एका व्यापाऱ्याचे अख्खे तागे मी असे परत पाठवले होते, त्याची गोष्ट मी वीस वर्षं सांगत होते. नमुना सगळ्यांना आधी दाखवायचा, कुणाशी दुजाभाव नको, हा नियम माझ्या रक्तात होता.

परिपत्रक म्हणत होतं, आपल्या कागदांवर चाचणी घ्या. माझा नियम म्हणत होता, नमुना सगळ्यांना द्या. मी दोन्ही पाळले. वाचणारीला सांगितलं, बारा वर्षांतले दोनशे चांगले अर्ज निवड, त्यावर तू दिलेली उत्तरं निवड, नावं काळी कर आणि नीट लिहून दे. ती आठवडाभर खाली मान घालून बसली. तिला वाटत होतं, आपलं काम पहिल्यांदाच फायलीत जातंय. साहेबांनीही तिला सांगितलं होतं, सोपे अर्ज यंत्र करेल, अवघड तुमच्याकडेच राहतील. ती मला म्हणाली, "मॅडम, खाली माझं नाव घालायचं का?" मी म्हटलं, नमुन्यावर नाव घालत नाहीत.

मग मी ते दोनशे अर्ज आणि दोनशे उत्तरं तिन्ही पुरवठादारांना पेन ड्राइव्हवर दिली. पोच घेतली. एक प्रत सील केली. महिन्याभरानं चाचणी ठेवली. चाचणीला कुठले अर्ज ठेवले म्हणाल, तर तेच दोनशे.

दहावीच्या पोराला सुद्धा कळेल मी काय केलं ते. पेपर दिला आणि उत्तरपत्रिकाही दिली. पण मला कळलं नाही. मी त्या दिवशी इस्त्रीची साडी नेसून, साक्षीदारांसमोर लाख फोडून, ऐटीत बसले होते.

तिघांतल्या एकाचं यंत्र असं चाललं, की साहेब खुर्चीतनं उठून उभे राहिले. अर्ज टाकला की उत्तर बाहेर. भाषा नम्र, मुद्दा नेमका. आणि शेवटी, 'दुपारी दोननंतर गर्दी कमी असते, तेव्हा यावे.' साहेब म्हणाले, "बघा, किती आपुलकीनं लिहितंय." वाचणारी दाराशी उभी होती. तिच्याकडं कुणी बघितलं नाही. मी सीलमधला कागद आणि यंत्राचा कागद शेजारी ठेवून ओळीला ओळ लावली आणि दोनशेला दोनशे बरोबर असा शेरा लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे, शेरा उठून दिसत होता.

दुसऱ्या दिवशी डबा खायच्या वेळेला ती माझ्या टेबलापाशी आली. हातात दोन कागद. एक त्याच सकाळी आलेला अर्ज, मुरगूडकडच्या एका शेतकऱ्याचा. त्याचा भाऊ जन्मापासून मुका. पडताळणीला माणसं आली, त्यांनी नाव विचारलं, भाऊ काही बोलला नाही, म्हणून त्यांनी 'लाभार्थी आढळला नाही' असं लिहून त्याचं अनुदान बंद केलं. दुसरा कागद यंत्राचा. चाचणीचं यंत्र अजून ऑफिसातच होतं, तिनं तो अर्ज आपणहून त्यात घालून बघितला होता. यंत्रानं लिहिलं होतं, की लाभार्थ्याने स्वतः कार्यालयात हजर राहून आपला तोंडी जबाब नोंदवावा. जबाब न दिल्यास प्रकरण बंद समजण्यात येईल. दुपारी दोननंतर गर्दी कमी असते, तेव्हा यावे.

"मुक्याला तोंडी जबाब द्या म्हणतंय, मॅडम," ती म्हणाली. "आणि ह्यो एकच न्हाय. आज आल्याला गठ्ठा निम्मा घालून बघितला मी. दोनशेतलं जे जवळचं वाटंल ते चिकटवतंय. पाठ केलंय त्येनं. कळलं काय बी न्हाय."

मी डब्याचं झाकण लावलं. तेहतीस वर्षं कापड तपासलेली मी, माझ्याच लाखेनं फसले होते. ती गेल्यावर मी तो कागद चारदा वाचला. मग साहेबांकडं गेले.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. म्हणाले, "मॅडम, चाचणी सदोष होती असं तुमचं म्हणणं असेल तर जरूर लिहा. मी लगेच खरेदी थांबवतो. फक्त कारण पूर्ण लिहा. उत्तरं निविदेसोबत कुणी दिली, कुणाच्या सहीनं दिली, तेही येऊ द्या. मग चौकशी होईल. तुमची निवृत्ती कधी आहे?"

त्यांना तारीख माहीत होती. दोन महिने राहिले होते. चौकशी चालू असताना निवृत्त झालेल्याचं काय होतं हे मी बघितलेलं आहे. आमच्याच एका हेडक्लार्कचं एक कपाट नोंदवहीत सापडेना म्हणून पेन्शनची फाइल अडली. तो माणूस चार वर्षं आमच्या जिन्यात बसून होता. पहिल्या वर्षी आम्ही त्याला खुर्ची द्यायचो.

मी चहा प्याले. कागद त्यांच्यासमोर ठेवलाच नाही. घडी घालून पर्समध्ये टाकला. लोकांना आयुष्यभर नियमात ताठ उभं राहायला सांगणारी मी, माझ्यावर वेळ आली तेव्हा मला त्या चहात साखर कमी आहे एवढंच बोलायला सुचलं.

दोन दिवसांनी स्वीकृतीचा दाखला माझ्यासमोर आला. 'माल नमुन्याबरहुकूम प्राप्त झाला' आणि खाली माझ्या सहीची जागा. वाक्य खरं होतं, हीच त्यातली हरामखोरी. अक्षर न् अक्षर नमुन्याबरहुकूम होतं. मी सही केली आणि तारीख घातली.

महिनाअखेर वाचणारीचं कंत्राट संपलं. या वेळी एक दिवस नाही, कायमचं. त्या मुक्या माणसाचं उत्तर तिनं जायच्या आधी हातानं लिहिलं, तलाठ्याला फोन करून पडताळणी पुन्हा लावून घेतली आणि पोस्टात टाकलं. त्यानंतरच्या अर्जांची उत्तरं कशी गेली मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही. काउंटरवर दुपारी दोननंतर मोठी गर्दी व्हायला लागली, तेवढं कानावर यायचं.

शेवटच्या दिवशी ती माझ्याकडं आली. मला वाटलं रडेल, नाहीतर भांडेल. कोल्हापूरची बाई, चारचौघांत उभं-आडवं घेतलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं. तिनं टेबलाची किल्ली ठेवली आणि साध्या आवाजात म्हणाली, "मॅडम, तुम्हास्नी ठावं हुतं की."

आणि मी, काय केलं मी? मी तिला नियम समजावला. स्वीकृती नेहमी मान्य नमुन्याशी ताडून द्यावी लागते, नमुन्याबाहेरच्या गोष्टींचा विचार त्या टप्प्यावर करता येत नाही, असं मी तिला कलम आणि पोटकलमासकट सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मधे तोडलं नाही. बारा वर्षं ती लोकांचं असंच पुरतं ऐकून घ्यायची आणि त्यातनं नेमकी ओळ काढायची. माझ्यातनं तिनं काय काढलं ते मला तिच्या तोंडाकडं बघून कळलं.

"व्हय," ती म्हणाली आणि गेली.

महिन्याभरानं मी निवृत्त झाले. नारळ, शाल, भाषणं. साहेब म्हणाले, नियम कसा पाळावा हे मॅडमकडनं शिकावं. टाळ्या वाजल्या. पेन्शन पहिल्याच महिन्यात चालू झाली, माझ्या कागदांत एक सुद्धा त्रुटी निघाली नाही.