उडणारा पुरुष आणि विहिरीवरची सून

माझ्या धाकट्या भावाने माझ्या बायकोला फसवलं. मला नाही, तिला. मला फसवलं असतं तर मी त्याच आठवड्यात वसूल केलं असतं. माझ्याशी लबाडी करून सात रस्ता चौकातून अजून कोणी सुखाने गेलेलं नाही.

तिथे जवळच माझं जुन्या पुस्तकांचं दुकान आहे. केम गावाहून सोलापुरात आलो तेव्हा रद्दीची हातगाडी ओढायचो. घेताना नजर तराजूवर, विकताना गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर, एवढ्यावर दुकान उभं केलं. मी तापट आहे असं लोक म्हणतात. आहेच. नरम माणसाला रद्दीसुद्धा कोणी नीट तोलून देत नाही.

बायको अक्कलकोटच्या पलीकडच्या गावची. तिची शाळा कानडीत झाली. मराठी वाचायला ती माझ्या दुकानात शिकली, आणि तेही फाटक्या पुस्तकांवर, कारण धड पुस्तक आलं की मी ते विकून मोकळा व्हायचो. तिच्या वाट्याला यायच्या त्या शेवटची पानं गेलेल्या कादंबऱ्या. मग पुढचं काय झालं असेल ते ती स्वतःच ठरवायची आणि मला सांगायची. मी ऐकायचो, कधी नुसतं हं हं करायचो.

फाटक्या पुस्तकांवरच आमचं दुकान चालतं. पानं सुटलेली पुस्तकं उलगडायची, दाभणाने पुन्हा शिवायची, पाठीला खळ लावून पुठ्ठा चढवायचा आणि कडा कापून सारखी करायची. कापल्यावर सगळी एका मापाची दिसतात. एकदा शिवायच्या दोन थप्प्या शेजारी होत्या. एक फार नावाजलेली कादंबरी, जिच्यात सून जाडजूड पुस्तकभर सासुरवास सोसते. दुसरी पोरांची चित्रांची पुस्तकं, जगाला वाचवत फिरणाऱ्या पाच महावीरांच्या टोळीची. थप्पी ढासळली, घाईत गोळा केली आणि तशीच शिवली गेली. सून जीव द्यायला विहिरीच्या काठावर उभी, आणि पान उलटलं की आभाळातून एकजण दोन्ही हात पुढे करून खाली येतोय.

ते पुस्तक रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गिऱ्हाइकाने नेलं आणि थोड्याच दिवसांत परत आणलं. मी बाह्या सरसावूनच उठलो. विकलेला माल परत घेत नाही, असं सांगणार होतो. तो म्हणाला, "मालक, ह्याच्या पुढचा भाग हाय का? हा उडणारा थांबतो का जातो, तेवढंच कळू द्या."

मी ते पान उघडून बघितलं. मागून बायकोचा आवाज आला. ती मान खाली घालून शिवत होती. "जातोय कुटं? आलायस तर घागर धर, म्हणाली की सून त्याला."

तो माणूस पुठ्ठ्यांच्या ढिगावर बसला आणि हसून हसून त्याला खोकला लागला.

तिथून सुरू झालं. बायकोने त्या पाचही महावीरांना त्या सुनेच्या सासरी आणून ठेवलं आणि सासूने त्यांना कामाला लावलं. लोखंडी हाताचा जातं ओढू लागला. भिंतीतून आरपार जाणाऱ्याला सासू म्हणायची, "दार हाय की रं, दारातनं ये, भिंतीचा पोपडा पडतोय." हाताने पाणी गोठवणाऱ्याला ताकाच्या माठाजवळ बसवला. टोळीत एक बाई होती, तिला दुसऱ्याच्या मनातलं ऐकू यायचं. तिला मुली दाखवायच्या बैठकीला न्यायचे. पाहुणे पोहे खात मुलीचं कौतुक करायचे आणि ही सासूच्या कानात सांगायची, "पोहे खारट हायत म्हणतोय मनात. आन् पोरगी काळी हाय म्हणतोय." मग बायकोने वेगवेगळ्या कादंबऱ्यांत त्यांना पाठवलं. गड लढवणाऱ्यांच्या, प्रेमात झुरणाऱ्या मास्तरांच्या, सगळ्या नावाजलेल्या. प्रत्येक ठिकाणी त्यांची ताकद अपुरी पडायची. सून उडणाऱ्याला म्हणायची, "तुला उडता येतं, पण नांदता येतं का?"

लोक पुस्तकं घ्यायला यायचे आणि गोष्ट ऐकून जायचे. मी चिडायचो, कारण गोष्ट फुकट जात होती. पण ती बोलू लागली की तिचा हात झपाझप चालायचा. दुकानात मी तिला इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

धाकटा भाऊ इथेच सोलापुरात, शुक्रवार पेठेत राहतो, कॉलेजात शिकवतो. तो संध्याकाळी यायचा, गोणीवर बसायचा. "वहिनी, एक सांगा की." ती म्हणायची, "भावजी, तुमी एवढे शिकलेले, तुमाला काय सांगू?" आणि सांगायची. त्याचा मोबाईल नेहमी तिच्या समोर फळीवर असायचा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरचाच माणूस.

मग त्याचा कार्यक्रम लागला. मोठ्या सभागृहात, तासभर एकटा बोलणार, लोकांना हसवणार. दोन पास घेऊन तो स्वतः दुकानात आला. बायकोने ठेवणीतलं इरकल काढलं. आम्ही पुढच्या रांगेत बसलो.

दिवे गेले आणि त्याने सुरुवात केली ती वहिनीपासूनच. "माझी एक वहिनी आहे. तिला मराठी वाचता येत नाही. पुस्तक शिवायला दिलं की सासूच्या मांडीवर विमान शिवते." मग तिची कानडी ढंगाची बोली काढून दाखवली, मान वाकडी करून, तोंड वासून. सभागृह हशाने कोसळलं. त्यानंतर एकेक तिचंच. जातं, ताकाचा माठ, खारट पोहे. मध्ये मध्ये तो म्हणायचा, "तेव्हा मला कल्पना सुचली." शेवटी सून नटून थटून उडणाऱ्याच्या गळ्यात हात टाकते आणि गाणं म्हणत दोघं ढगात जातात. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

शेजारची बाई डोळे पुसत माझ्या बायकोला म्हणाली, "काय हसवतो ना!" बायकोने मान हलवली. होकाराची.

रिक्षात ती पदर सावरून बसली. मग म्हणाली, "पोरगं पाळण्यात होतं त्या सुनेचं. म्हणून तर ती विहिरीवरनं माघारी आली. भावजींनी तिला उडवली, पोराचं काय केलं?"



दुसऱ्या दिवशी मी शुक्रवार पेठेत गेलो. त्याने चहा पुढे केला.

"दादा, गोष्ट कुणाच्या बापाची असते का? ती दुकानात बोलते, मी स्टेजवर बोलतो."

"तिला वाचता येत न्हाय म्हणालास."

"अरे, त्याशिवाय हशा येत नाही. लोकांना तसं लागतं."

"ती तुज्याएवढंच वाचती."

"बरं, काय पाहिजे तुला? शेवटी आभारात वहिनीचं नाव घेतो. झालं?"

आयुष्यभर मी घासाघीस केली. समोरचा आकडा बोलला की माझा तोंडातून आपोआप बाहेर येतो. त्या दिवशी काही आलं नाही. मी बशी भिंतीवर फोडली. त्याची बायको आतून धावत आली आणि खाली बसून तुकडे वेचू लागली.

तो हसला. म्हणाला, "हे पण घेतो बघ पुढच्या शोला. आमचा दादा."

मी तिथून निघालो, नाहीतर बशीवर थांबलो नसतो.

आता दुकानात नुसता दाभणाचा आवाज असतो. तो रेल्वेवाला अजून येतो, पुठ्ठ्यांवर बसतो, वाट बघतो. परवा त्याने विचारलंच, "वहिनी, ती टोळी कुठपर्यंत आली?" ती वर न बघता म्हणाली, "मला वाचता येत न्हाय." तो माझ्याकडे बघत राहिला. मी पुस्तकं उगाच इकडची तिकडे केली.

फाटक्या कादंबऱ्या ती अजून शिवते, पण शिवण्याआधी वाचत नाही. मी मुद्दाम शेवट गेलेली पुस्तकं तिच्यासमोर ठेवून बघितली. ती सरळ पुठ्ठा चढवते आणि बाजूला सारते.

धाकट्याचे कार्यक्रम जोरात आहेत. पुण्यालाही लागला म्हणे. त्याने दोनदा फोन केला, मी घेतला नाही. एकदा तिने घेतला आणि भावजी, जेवलात का, एवढंच विचारून ठेवून दिला. तिने माफ केलं असेल तर तो तिचा स्वभाव. माझा तसा नाही.

धाकट्या, मला आभारात तिचं नाव नको. तू मला काही समजावूही नकोस. ज्या स्टेजवर उभा राहून तू तिला अडाणी केलंस, तिथेच उभा राहा, तेवढीच माणसं समोर असू दे, आणि सांग की ह्या गोष्टी कुणाच्या आहेत आणि तिला वाचता येतं की नाही. हशा येणार नाही, मला माहीत आहे. तरी सांग. कधी सांगतोस, बोल.